स्वतःच्या आवाजाची नक्कल मिळणेबाबत

माझ्या मावशीचा आवाज एका कंपनीच्या मालकीचा आहे, हे मला एका पत्रातून कळलं. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्यांदा वाचलं. मग कपाटातून शब्दकोश काढून तिसऱ्यांदा वाचलं आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. त्या पत्रापर्यंत कशी पोचले ते सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं असतील. मी तेव्हा वर्ध्याला घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून द्यायचे. घरात मी आणि बाबा, दोघंच. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर मी क्रोशाने विणलेला रुमाल. सीडीवर काम भरून प्रेसमध्ये द्यावं लागे, म्हणून त्यात सीडी रायटर बसवून घेतला होता. आमच्या सगळ्या नातेवाइकांत तेवढा एकच, त्यामुळे कोणाच्या साक्षगंधाचे फोटो, कोणाच्या पोरांचे निकाल, सगळं माझ्याकडे यायचं. मी कुरकुरत करायचे, पण करायचे.

मावशी अल्लीपूरची. आईची मोठी बहीण. तिच्यासारखा गळा त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे पोरीबाळी टिपऱ्या घेऊन रोज गाणी म्हणतात. गाणं उचलायला मावशी लागायची. तिने एकदा सुरुवात केली की पलीकडच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. तिचे यजमान, आमचे काका, चिडवायचे, "हे गाते तं बैलं बी पान्यावरून मागं फिरते." मावशीला त्या चिडवण्याचाही अभिमान होता.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्यावर पांढरा रुमाल बांधून, पिशवीत पाटी-पेन्सिल घेऊन मावशी हिंडायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली होती, म्हणून तेवढं तरी जमलं. त्या वेळी तिच्या मुलाला मुलगी झालेली नव्हती. नात झाली ती नंतर.

आणि एक दिवस त्या मावशीचं पोस्टाने पुडकं आलं. वर दोरा गुंडाळलेला, आत एक सीडी आणि तिच्या अक्षरातली चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "याच्यात मी गायलेली हाये म्हनते. आमच्या इथं टेपच हाये, त्यात हे जात नाई. तू कॅशेट नाईतं काई करून दे. पोट्टीले वाटते आजी मुकीच जन्मली."

शेवटची ओळ वाचून मला भडभडून आलं. तीन वर्षांची नात मावशीच्या मांडीवर वाढत होती. ती मावशीशी हातवाऱ्यांनी बोलायची, कारण तिला वाटायचं आजीला ऐकूही येत नाही. कोणी कितीही सांगितलं की तुझी आजी गायची, तरी तिला ते गंमत करणंच वाटे. मावशीला तेवढंच हवं होतं. पोरीने एकदा तिचा आवाज ऐकावा.

ही सीडी कुठून आली, तर त्याचा धागा नव्वदच्या आसपास जातो. मी अकरा वर्षांची होते. काही अभ्यासक मंडळी मोठा टेपरेकॉर्डर घेऊन अल्लीपूरला गेली होती आणि एक दिवसभर बायकांची भुलाबाईची गाणी भरून घेतली होती. मी नव्हते, माझी सहामाही परीक्षा होती. आई मात्र मावशीकडे अल्लीपूरला गेलेली होती. आई गात नसे. "माहा आवाज फाटका," म्हणायची. तिच्याकडे खिरापतीचं काम असायचं. गाणी संपली की डबा पुढे यायचा, झाकण लावलेला. तो हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. करणारी फक्त नाई, नाई म्हणत राहते. सगळ्या हरल्या की झाकण उघडतं आणि खिरापत वाटली जाते.

पुढच्याच उन्हाळ्यात आई काविळीने गेली. घरात तिचे चार फोटो आहेत. आवाज मात्र मला आठवत नाही. हे मी कोणाला सांगत नसे, कारण सांगताना लाज वाटते. ती काय बोलायची ते आठवतं, कसं बोलायची ते नाही.

तर सीडी. मी हात धुतले, बाबांना हाक मारली, स्पीकर लावले आणि मोठ्या थाटात सीडी आत सरकवली. गाणं सुरू व्हायच्या ऐवजी पडद्यावर एक खिडकी उघडली. इंग्रजीत भलाथोरला करार, खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. गाणं ऐकायला करार? लग्नाच्या याद्यासुद्धा याच्यापेक्षा लहान असतात. मी अमान्यवर टिचकी मारली, तर मशीनने सीडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. शब्दशः. दार उघडलं, तबकडी बाहेर, जा घरी. मी बघतच राहिले. माझ्याच कॉम्प्युटरने मला हाकलून लावलं होतं.

बाबा म्हणाले, "काऊन, खराब हाये काय?"

"खराब नाई, माजोरी हाये," मी म्हणाले आणि सीडी पुन्हा घातली. या वेळी रागाच्या भरात मान्यवर टिचकी मारली.

तो माझा मूर्खपणा. कसलीशी पट्टी भरत भरत निम्म्यावर आली, तिथे थांबली, मग पडदा निळा झाला. बंद करून चालू केला, पुन्हा निळा. दोन दिवसांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गडी मोटारसायकलवरून केळझरहून आला. तो नेहमी गावच्या गणपतीचं नाव घेऊन पेचकस लावायचा. त्याने खूप वेळ खटपट केली आणि सांगितलं, "ताई, फॉरमॅट मारा लागते. याच्यातलं काई भेटत नाई आता." त्यात तीन लग्नपत्रिका होत्या, तयार, फक्त प्रेसला द्यायच्या. एका गाण्याच्या तबकडीने तीन लग्नं पुसून टाकली. गाणी असं काही करू शकतात, हेच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. खिशात शिट्टी म्हणून ठेवावी आणि तिने धोतर पेटवावं, तसला प्रकार.

त्या गड्याने सीडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "ही प्रोटेक्टेड हाये. कॉम्प्युटरवर वाजू नाई अन् कोनी कॉपी करू नाई म्हनून आतमंधी काई टाकून ठेवते कंपनीवाले. आता पुन्हा मान्य दाबू नोका."

शेजाऱ्यांकडे व्हीसीडी प्लेअर होता. त्याने तबकडी गरागरा फिरवली आणि आत काही नाहीच असं दाखवलं. बसस्टँडजवळ कॅसेटी भरून देणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडे गेले, तर त्यानेही टेपचे डेक विकून कॉम्प्युटर मांडलेला. तिथेही तोच करार उघडला. तो म्हणाला, "ताई, तुमी बाहेरच घेऊन जा हे." जणू मी साप आणला होता.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा कचेरीत नक्कल विभागात होते, उभी नोकरी तिथेच. लोकांना नक्कल म्हटलं की खोटं, बनावट असं वाटतं. बाबांच्या तोंडी नक्कल हा फार इभ्रतीचा शब्द होता. कोणाचा फेरफार, कोणाचा निकाल, कोणाचं मृत्युपत्र. माणूस अर्ज करतो, तिकीट लावतो, आणि नक्कल विभाग त्याला अक्षर न् अक्षर उतरवून, खाली "अस्सलबरहुकूम नक्कल" असं लिहून, सही-शिक्का करून देतो. त्यांनी स्वतःच्या हाताने किती लिहिल्या त्याला गणती नाही. कानामात्रा चुकला तर पूर्ण कागद फाडून पुन्हा लिहायचे.

त्यांनी भिंग घेऊन सीडीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. खूप वेळ लागला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "याची नक्कल करनं गुन्हा हाये म्हनते."

"मावशीचाच आवाज हाये बाबा तो."

"म्हनूनच तं. कागद ज्याचा, त्याले नक्कल भेटलीच पायजे. पन अर्ज करा लागते. चोरून नाई."

मी कपाळावर हात मारला. पण बाबा एकदा अर्ज म्हणाले की अर्जच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चष्मा लावून त्यांनी फूलस्केपवर मजकूर उतरवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. "विषय : स्वतःच्या आवाजाची नक्कल मिळणेबाबत. महोदय, अर्जदार बाई मौजे अल्लीपूर येथील रहिवासी असून तिचा आवाज आपल्या तबकडीत दाखल आहे. सदर आवाज आज रोजी अर्जदाराजवळ शिल्लक नाही. सबब त्याची एक नक्कल अर्जदाराच्या नातीस ऐकविणेकामी मिळावी, ही विनंती."

मी आधी हसले. मग "शिल्लक नाही" वाचून हसू आवरलं. त्याचं इंग्रजी करून, टाईप करून मी ते मुंबईच्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने धाडलं. गाणी भरून नेणाऱ्या मंडळींनी मधल्या काळात सगळ्या टेपा त्या कंपनीला दिल्या होत्या, एवढं वेष्टणावरून कळत होतं. त्यांच्यातल्याच कोणीतरी आठवणीने मावशीला ही एक सीडी धाडली होती.

महिन्या-दीड महिन्याने उत्तर आलं. सुरुवातीला मी सांगितलं ते हेच पत्र. आपण आमचं उत्पादन निवडल्याबद्दल आभार. सदर ध्वनिमुद्रणावरील सर्व हक्क, गायकांच्या आवाजासकट, गायकांनी सही करून दिलेल्या करारानुसार कंपनीकडे आहेत. कोणत्याही कारणासाठी प्रत काढण्याची परवानगी देता येत नाही.

मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी चहाचा भरलेला कप तसाच बाजूला सारला.

"म्हंजे बाईचा आवाज बाईचा नाई?"

"नाई."

"कोनाले शेत इकलं तं सातबाऱ्यावर चढते. आवाज कुठं चढवला यायनं?" ते इतकं बोलले आणि उठून मागच्या अंगणात गेले. मी त्यांना असं हादरलेलं आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

मावशीला काय कळवायचं, हा माझ्यापुढे प्रश्न होता. दोनदा पोस्टकार्ड लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. तेवढ्यात मावशीच आली. अल्लीपूरच्या सकाळच्या एसटीने, नातीला काखेत घेऊन, न कळवता. आल्या आल्या तिने पिशवी खाली ठेवली, कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि मान वर उडवली. झालं का?

वीज गेलेली होती. भारनियमनाचे दिवस, अकरा ते दोन काही नसायचं. मी तिला पाणी दिलं आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं. करार, निळा पडदा, पत्र. पत्र तिच्या हातात दिलं, जसं काही तिला ते वाचता येणार होतं. तिने पत्र उलटं-सुलटं पाहिलं, मग पाटी काढली.

"सही मीच केलती," तिने लिहिलं. "आंगठा नाई देला. बाकीच्यायनं आंगठे देले. मी आठ दिवस सही घोटली."

मला कुठे पाहावं कळेना. तिने अभिमानाने लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर तिलाच समजलं. पेन्सिल तशीच हवेत राहिली. इंग्रजी कागदावर, आठ दिवस घोटलेल्या सुंदर सहीने, तिने गळा देऊन टाकला होता. मला कंपनीचा इतका संताप आला की मी मोठ्याने काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नात घाबरून मावशीला बिलगली.

मग मावशीने सीडी मागितली. दारातून येणाऱ्या उजेडात धरून ती चकाकणारी बाजू बघत राहिली. रंग हलत होते, नात ते पकडायला बघत होती. मावशीने नातीच्या गालाकडे पाहिलं, पुन्हा तबकडीकडे पाहिलं. पोरीच्या गालावर प्रवासाला निघताना लावलेली काजळाची तीट होती. आणि मी "अवो" म्हणायच्या आत मावशीने पिशवीतली काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं, आणि सीडीच्या चकाकणाऱ्या बाजूला, अगदी कडेला, ठसठशीत तीट लावली.

"मावशी! काय करून राह्यली तू! गेली ना आता सीडी!" मी किंचाळलेच. पुसायला पदर पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. शेतात राबलेला हात, सुटेना. दुसऱ्या हाताने तिने पाटीवर दोनच शब्द लिहिले. "नजर लागली."

मला रडू यायचं बाकी होतं. एकच तबकडी, तीसुद्धा तेलकट काजळाने बरबटलेली, ती मशीनमध्ये घातली तर आतली काच खराब होणार. पण मावशी समोर बसलेली. दोन वाजता पंखा फिरायला लागला, आणि तिने पुन्हा मान वर उडवली. लाव.

मी चिडून, तिचं समाधान म्हणून लावली. मशीन फिरलं. मी कराराच्या खिडकीची वाट पाहत होते. खिडकी आली नाही. करार नाही, बटणं नाहीत. साधी यादी आली, गाणं एक, गाणं दोन, अशी चौदा गाणी ओळीने. मी पडद्याला नाक लावून पाहिलं. मग पहिल्यावर टिचकी मारली आणि स्पीकरमधून टिपऱ्या वाजल्या.

नंतर त्या केळझरच्या गड्याने उलगडून सांगितलं तेव्हा कळलं. गाणी आतल्या भागात असतात. तो करार न् भानगड अगदी बाहेरच्या कडेला वेगळी भरलेली असते. कड झाकली गेली की कॉम्प्युटरला ती दिसतच नाही, नुसती गाणी दिसतात. शिकलेले लोक त्यासाठी काळा मार्कर वापरतात म्हणे. मावशीने काजळ वापरलं आणि जागा अचूक साधली, कारण तीट नेहमी कडेला लावतात, मधोमध नाही. हे मला आता कळतं. त्या क्षणी मात्र अंगावर काटा आला होता आणि मावशीकडे पाहायची भीती वाटत होती.

आणि तिचा आवाज आला. मी तो कितीतरी वर्षांनी ऐकत होते. उंच, मोकळा, जराही न लाजणारा. मावशीने डोळे मिटले नाहीत, ती सरळ नातीकडे बघत होती. नात कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहून आली. मावशीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पोरगी खदखदून हसली, खोटं. मग मावशीने ओठ हलवायला सुरुवात केली. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास, एवढ्या वर्षांपूर्वीचं गाणं, कुठेही न चुकता. पोरीचं हसू थांबलं. ती जवळ आली, तिने आजीच्या ओठांवर हात ठेवला, स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा ओठांकडे पाहिलं.

"आजी बोल्ली," ती म्हणाली. मग ओरडून, "बाप्पा, आजी बोल्ली!"

मी पदरात तोंड खुपसून रडले, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मी म्हणाले, "बाबा, कोरी सीडी हाये माह्याजवळ. आता निघते कॉपी. तिले घेऊन जाऊ दे."

बाबांचा चेहरा ओढलेला होता. "ऐका," ते म्हणाले, "कितीबी ऐका. पन नक्कल काढू नोको. त्यायनं नाई म्हटलं हाये. सही हाये बाईची." मला त्यांचा असा राग आला! नोकरी सुटली, पण नियम सुटत नाहीत. मावशीने मात्र त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. तिला सहीचा मान ठेवायचा होता, जी सही करून ती लुबाडली गेली होती. मला दोघांचाही राग आला आणि मी एकामागून एक गाणी लावत गेले.

चौदावं गाणं संपलं. टिपऱ्या थांबल्या. मी बंद करायला हात पुढे केला, पण तबकडी अजून फिरत होती. कोणाला टेप बंद करायचं सुचलं नसावं. बांगड्यांचा आवाज, बायकांची कुजबुज, एक कोंबडं. मग डबा हलवल्याचा आवाज. आत काहीतरी मऊसर आपटत होतं.

"खोबरं-साखर!" कोणीतरी ओरडलं.

"नाई."

"फुटाने!"

"नाई वो."

"वाटली डाळ!"

"नाई, नाई, नाई." आणि हसू. जरा फाटका, घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज. मला तो ओळखू आला नाही. मी मावशीकडे वळून विचारणार होते, ही कोण बाई? तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. बाबा चौकट सोडून दोन पावलं पुढे आले होते आणि त्यांच्या हातातला चष्मा जमिनीवर होता.

मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. माझ्याकडे बघून ती हो, हो म्हणून जोरजोरात मान हलवत होती. पाटी शोधत होती, सापडत नव्हती. आणि मग मला कळलं. आईचा आवाज माझ्या घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर वाजत होता आणि मी विचारणार होते, ही कोण?

"हारल्या म्हना," स्पीकरमधून आई म्हणाली, "मंग उघडीन."

तिथे संपलं. डबा उघडायच्या आधीच कोणीतरी टेप बंद केला होता. तबकडी थांबली.

बाबांनी वाकून चष्मा उचलला. एक काच तडकलेली होती. ती त्यांनी धोतराला पुसली, जशी काही पुसून जाणार होती.

"नक्कल काढ," ते म्हणाले.

मी म्हणाले, "कंपनी नाई म्हनते ना."

"म्हनू दे. गुन्हा असन तं माह्यावर." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "दोन काढ. एक बाईले, एक आपल्याले."

मी काढल्या. काजळाची तीट न पुसता, जपून. दोन्ही गरम सीड्या बाहेर आल्या तेव्हा बाबांनी माझ्या हातातून मार्कर घेतला आणि त्यांच्या त्या वळणदार, कचेरीच्या अक्षरात दोन्हींवर लिहिलं, "अस्सलबरहुकूम नक्कल." खाली सही केली. शिक्का नव्हता, त्याची त्यांना जरा रुखरुख वाटलेली दिसली. मावशीने अल्लीपूरचा विचार केला आणि पाटीवर लिहिलं, गावच्या शाळेत कॉम्प्युटर आलेला आहे, तिथे पोट्टीला घेऊन जाईन.

मग चहा झाला. बाबा कॉम्प्युटरसमोर माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला फक्त शेवटचा तेवढा भाग लावायला सांगितला. डबा हलला. बाबा पडद्याकडे वाकून हळूच म्हणाले, "उकडलेल्या शेंगा?"

"नाई," आई म्हणाली.

बाबा हसले. पंधरा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "पुन्हा लाव," ते म्हणाले. डबा हलला. "सोजीचे लाडू?"

"नाई वो."

मावशीला तो डबा आठवत होता. तिने पाटी मांडीवर घेतली आणि भराभर काहीतरी लिहिलं. लिहिताना तिलाही हसू येत होतं. तिने पाटी उचलली आणि बाबांच्या पुढे धरली, पण बाबांनी वाचायच्या आधीच पाटीवर आपला पंजा ठेवला.

"नोका दाखवू, बाई," ते म्हणाले. "मी अजून हारलो नाई."

मावशीने पाटी मागे घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवून दिली.